माणसाले शिंगं नाही न

माझ्याच घराच्या फाटकात मलाच "कोण पाहिजे तुमाले?" असं विचारणारा माणूस अख्ख्या घाटंजीत एकच आहे, आणि तो नेमका माझ्या नशिबी शेजारी म्हणून आला. डॉक्टरांनी सकाळी फिरायला सांगितलं म्हणून मी जन्मात पहिल्यांदा पंजाबी ड्रेस घातला होता. साठी उलटल्यावर! जीव मुठीत धरून बाहेर पडले, कोणी हसलं नाही म्हणून देवाचे आभार मानत परत आले, फाटकाची कडी काढली, तर कुंपणापलीकडून दिगांबरभाऊ भोयर हात जोडून उभे.

"रामराम बाई. कोण पाहिजे तुमाले? वहिनी बाहेर गेल्या वाटते. बसा ओट्यावर, येतीनच."

आता सांगा, अंगाची लाही होईल की नाही? ज्या माणसाला मी इतकी वर्षं लोणच्याच्या बरण्या पोचवल्या, ज्याच्या पोरीला मी पाढे शिकवले, तो मला माझ्याच ओट्यावर बसायला सांगतो! मी ओरडले, "अहो भाऊ, डोळे फुटले का तुमचे? मी आहे ना ही!"

त्यांचा चेहरा एकदम फुलला. "अस्सं! वहिनी हायेत काय! मंग आधीच रागवा न बाप्पा. तुमी रागावल्या का मले फटकन समजते."

तर असे हे दिगांबरभाऊ. घर आमच्या शेजारी, वावर गावाबाहेर नाल्याच्या काठी. कपाशी, म्हणजे आमची पऱ्हाटी, तूर, थोडं सोयाबीन. अंगापिंडानं धिप्पाड, कपडे धुवट, बोलणं गोड. आणि चेहरा म्हणाल तर कोणाचाच ओळखू येत नाही. माझा नाही, सख्ख्या साळ्याचा नाही, रोज दूध घालणाऱ्याचा नाही.

गावानं याचा अर्थ काय काढावा? "भोयर माजला." झालं! घाटंजीत माणसाला काही होत नाही, तो फक्त माजतो. बाजारात समोरून आला आणि ओळख दिली नाही, की माजला. बसस्टॉपवर शेजारी बसून बोलला नाही, की माजला. "पऱ्हाटी चांगली झाली न औंदा, आता कायले वळखते गरिबाले!" असं मी स्वतः माझ्या कानांनी ऐकलंय, आणि म्हणणाऱ्याच्या दारात स्वतःची मोटारसायकल उभी होती.

यावर भाऊंनी तोड काढली होती. दिसेल त्याला रामराम. नात्यातला असो, परका असो, पोस्टमन असो, रामराम. मग "मंग, घरचे कसे हायेत?" कारण घरचे सगळ्यांनाच असतात. आणि त्याच्यापुढचं त्यांचं ठेवणीतलं वाक्य, "बोला, तुमी बोला." लोकांना वाटे, किती ऐकून घेणारा माणूस! ऐकून कसला घेतो, समोरच्याचा आवाज कानावर पडला की त्यांचं गाडं रुळावर येतं. मग ते नावानिशी बोलतात, पोराचं काय झालं विचारतात, मागच्या पावसाळ्यात पडलेल्या भिंतीची चौकशी करतात. विसरत काहीच नाहीत. फक्त तोंड तेवढं सोडून.

एकदा मी चिडून विचारलं होतं, "भाऊ, बाजारात पन्नास बैल उभे असले तरी तुम्ही स्वतःचा विकलेला बैल लांबून ओळखता. मग माणूस का नाही हो ओळखत?"

त्यांनी खरोखर विचार केला. मग म्हणाले, "शिंगं वळखतो न मी, वहिनी. माणसाले शिंगं नाही न."

कपाळ माझं!

त्यांची बायको शालिनी होती तोवर हे सारं झाकून गेलं. शालिनी माझी मैत्रीण. भारी बोलघेवडी. कुठं कार्याला गेली की दारातूनच सुरू, "अव माय, रामरावभाऊजी आले वाटते, काळी बंडी घालून! अन् या पाहा कमलमावशी, किती वाळल्या!" बायका तोंडाला पदर लावून हसायच्या, नवऱ्याला बोलूच देत नाही म्हणायच्या. अरे, ती नवऱ्याला सांगत होती, समोरून कोण येतंय ते! इतक्या वर्षांत एकीला तरी कळलं का? नाही. त्यांना फक्त तिची जीभ दिसली.

चालायचीही अशी, की वेशीवरून यावी आणि आपण घरातून ओळखावी. डावं पाऊल जरा बाहेर फेकायची आणि उजवा हात असा हलवायची, जणू वाटेनं सडा टाकत चाललीय. किती चिडवायचे मी तिला त्यावरून.

ती गेली. साध्या तापाचं निमित्त झालं आणि आठवड्यात गेली. तेराव्याला आलेल्या सोयऱ्यांनी पहिली गोष्ट काय पाहिली असेल? भिंत. भिंतीवर शालिनीचा फोटो नव्हता. मोठा करून आणलेला होता, चौकट होती, पण भाऊंनी तो कपड्यांच्या कपाटात ठेवून दिला. "महिनासुद्धा झाला नाही अन् बायको नजरेसमोर नको झाली," असं तिची नणंदच म्हणाली, माझ्या हातचा चहा पिता पिता. मी पुढचा कप दिला नाही तिला.

शालिनी गेल्यावर मग रोजची फजिती. जामणीकडच्या एका सोयऱ्याकडे म्हातारा वारला, म्हणून भाऊ मातीनंतर भेटायला गेले. घरात गडीमाणसं सगळी पांढऱ्या कपड्यांत, सगळ्यांची डोकी तासलेली. आता यात कोण मुलगा, कोण पुतण्या, देवालाही कळू नये. भाऊंनी एकाला मिठी मारली, पाठीवरून हात फिरवला, "जाऊ द्या, बाप काही जन्माले पुरत नाही," असं अगदी गहिवरून सांगितलं. तो निघाला जावई. आणि त्याचा बाप शेजारीच खाटेवर बसून सुपारी कातरत होता.

हसू आलं ना? मलाही आलं होतं. पण त्या घरानं पुढं भाऊंना बोलावणं बंद केलं, तेव्हा हसू गेलं.

शेवटी त्यांची मुलगी पल्लवी, नागपूरला शिकायला होती, तिनंच कुठंतरी वाचलं आणि बापाला मेंदूच्या डॉक्टरकडे ओढत नेलं. डॉक्टरनं फोटो दाखवले, चित्रं दाखवली आणि सांगितलं की डोळे उत्तम, डोकं उत्तम, स्मरणशक्ती माझ्यापेक्षा बरी. फक्त चेहरा ओळखण्याची मेंदूत जी सोय असते ती यांच्यात जन्मापासूनच नीट नाही. नाव काहीतरी लांबलचक इंग्रजी होतं, ते माझ्या तोंडात बसेना. औषध नाही. असतात म्हणे अशी बरीच माणसं, त्यांचं त्यांनाही ठाऊक नसतं.

मी भाऊंना विचारलं, "म्हणजे तुम्हाला दिसतं तरी काय? नुसता धूर?"

"नाही जी. सारंच दिसते. नाक दिसते, डोये दिसते, मिशी दिसते. आता तुमी कपाशीच्या वावरात उभ्या हायेत समजा. हरेक झाड दिसते न तुमाले?"

"दिसतं."

"येक झाड दाखवलं म्या. चांगलं पाहून घ्या म्हटलं. अन् उद्या सकाळी त्याच वावरात नेऊन म्हटलं, दाखवा बरं कालचं झाड. दाखवसान काय?"

मी नाही म्हणून मान हलवली. "असं हाय ते," भाऊ म्हणाले. "झाड वाईट नाही, डोये वाईट नाही."

मी म्हटलं, मग ओरडून सांगा ना हे गावाला! एका दमात सगळ्यांची तोंडं बंद होतील. तर हात जोडले त्यांनी. "पल्लवीची सोयरिक व्हायची हाय, वहिनी. लोक म्हणतीन, बापाले हाये, पोरीलेही असंन, तिच्या लेकराइलेही होईन. मले माजला म्हणू द्या. माजलेल्या बापाच्या पोरीचं लगन होते. बिमार बापाच्या पोरीचं अडते."

सांगा, कोणाच्या श्रीमुखात द्यायची आता? त्यांच्या की गावाच्या? आणि त्यांचं म्हणणं काही खोटं नव्हतं, त्याचाच मला जास्त संताप आला.

पुढं सोयरिक जुळली. केळापूरकडचे गुलाबराव चौधरी, शेतीवाडी चांगली, मुलगा नोकरीला. पल्लवीनं मुलाला पहिल्याच भेटीत सगळं सांगून टाकलं होतं, तो हसून म्हणाला होता, मग मी रोज नाव सांगत जाईन. पण त्याच्या बापाला सांगायचं धाडस कोणाचं? गुलाबराव म्हणजे मानपानाचं पोतं. पत्रिकेत नाव जरा बारीक टाईपात छापलं म्हणून पत्रिका परत पाठवणारा माणूस. भाऊंनी त्यांची खूणगाठ पक्की बांधून घेतली होती. काठाला मळलेली पांढरी टोपी, आणि बोलण्याआधी घसा खाकरणं. "टोपी अन् खाकरा, बस झालं," म्हणायचे.

बस्ता घ्यायला आम्ही यवतमाळला गेलो, तिथं कपड्याच्या दुकानात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आरसा. साड्या पसरलेल्या, बायकांचा गलका, आणि भाऊ आरशासमोर हात जोडून उभे. "रामराम. मंग, घरचे कसे हायेत? बोला, तुमी बोला." आरशातला माणूस कशाला बोलतोय! भाऊ बिचारे आदबीनं वाट पाहत राहिले, बाजूला सरून त्याला वाटही देऊ लागले. दुकानातली पोरं खिदळायला लागली. पल्लवीनं बापाचा हात धरला आणि त्याला वळवून साड्यांकडे नेलं. मी मात्र त्या खिदळणाऱ्या पोरांना अशी काही धुतली की मालकानं गल्ल्यावरून उठून मला थंडा मागवला.

मग लग्न. मे महिना, कापसाच्या जिनिंग फॅक्टरीच्या मैदानात मांडव. हंगाम संपला की ते मैदान मोकळंच असतं, एका टोकाला मांडव घातला तर फाटक चांगलं लांब राहतं. कूलर नुसते गरम वाफा फेकत होते. अक्षता पडल्या आणि आमच्याकडची व्याहीभेट आली. नवरीच्या बापानं नवरदेवाच्या बापाला हार घालायचा, गळाभेट घ्यायची, मग मामानं मामाला, काकानं काकाला. सारा मांडव बघायला उभा असतो, कारण खरं लग्न तेच. मुलामुलीचं काय, ते नंतर बघून घेतात.

मी निश्चिंत होते. टोपी आणि खाकरा. आणि बघते तर काय! कुण्या शहाण्यानं वरपक्षाच्या झाडून सगळ्या पुरुषांना गुलाबी फेटे बांधले होते. गुलाबरावांना, त्यांच्या भावांना, मामांना, अगदी ड्रायव्हरलाही. टोपी गेली. बँड असा कोकलत होता की तोफ डागली तरी ऐकू येऊ नये. खाकरा गेला. आणि भाऊ हातात हार घेऊन पंधरावीस गुलाबी फेट्यांसमोर उभे. ते हलकेच ओरडत होते, "बोला, तुमी बोला," पण बँडपुढं कोण ऐकतो.

एक फेटेवाला जरा पुढं सरकला होता, हसला. भाऊंनी त्याच्या गळ्यात हार घातला आणि कडकडून मिठी मारली.

तो मारोतराव निघाला. गुलाबरावांचा चुलतभाऊ. धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या भांडणापायी दोघं वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड पाहत नव्हते, लग्नाचं आवतण फक्त जनरीत म्हणून गेलं होतं. सगळ्या मांडवात हार घालायला दुसरा माणूस मिळाला नाही भाऊंना!

बँड थांबला. गुलाबराव लाल झाले. "अस्सं! त्याले मान देता? माह्या लेकाच्या लगनात माह्या दुश्मनाले हार? चला रे, भरा गाड्या! पोरगी घालाची नाही मले घरात!"

"व्याही, चुकलं माहं..." भाऊ म्हणाले. त्यांना तर कळतच नव्हतं, या एवढ्या फेट्यांत नेमकं रागावलंय कोण. आवाजाच्या दिशेला हात जोडत होते बिचारे. कोणीतरी मागून म्हणालंच, "भोयर आधीपासूनच माजलेला हाय."

माझं डोकं फिरलं. आतापर्यंत शब्द पाळला, आता नाही. मी स्टेजवर चढले आणि तीस वर्षं वर्गात वापरलेला आवाज काढला. "माजला नाही तो! त्याला चेहरे ओळखता येत नाहीत. जन्मापासून! तुमचा नाही, माझा नाही, आरशात स्वतःचासुद्धा नाही! तुम्ही टोपी घालता म्हणून ओळखत होता तो तुम्हाला, आणि आज डोक्यावर हे गुलाबी गाठोडं ठेवून उभे आहात. काढा आधी तो फेटा!"

वरबापाला भर लग्नात फेटा काढा म्हणणं म्हणजे काय, हे मला तोंडातून गेल्यावर कळलं. आमचे हे तर खुर्चीतच खाली घसरले. लग्न मोडलं, असं मला स्पष्ट दिसलं. पल्लवी बापाच्या शेजारी येऊन उभी राहिली. नवरदेवही येऊन तिच्या बाजूला उभा राहिला.

आणि मागून गुलाबरावांची बायको म्हणाली, "काढा न मंग! मघापासून डोकं खाजवून राह्यले त्यात बोटं घालून. गरमीच्या दिवसांत कायले पाहिजे ते टोपलं?"

कोणीतरी फिस्सकन हसलं. गुलाबरावांनी बायकोकडे पाहिलं, लेकाकडे पाहिलं, भाऊंच्या जोडलेल्या हातांकडे पाहिलं. मग फेटा उतरवला. खिशात हात घालून मळकी टोपी काढली, झटकली, डोक्यावर घातली, आणि घसा खाकरला.

"व्याही!" भाऊ धावलेच. "कुठी होते तुमी? कवाचा धुंडून राह्यलो न मी!"

त्या मिठीत गुलाबरावांची टोपी पडली ती मारोतरावानं उचलून दिली. दोघं त्यानंतर एकमेकांशी बोलले असं मात्र कोणी समजू नये. धुरा म्हणजे धुरा.

पाठवणीच्या वेळी नवा कुटाणा. गाडी मैदानाच्या फाटकाबाहेर, रस्त्यापलीकडे उभी. वरपक्षाचे लोक कुरकुरायला लागले, "गाडी मांडवापाशी घ्या न, नवरीचे पाय भाजतीन." मीही पल्लवीला म्हटलं, अगं वेडे, एवढ्या उन्हात कशाला! तर म्हणाली, "राहू द्या, काकू. म्याच सांगितलं तिथं लावायला." लग्नातही हट्ट! शालिनीची पोर, दुसरं काय.

ती बापाच्या गळ्यात पडली, रडली. बायका नाक पुसायला लागल्या. आणि एकदम भाऊंनी तिचे खांदे धरले, तिला पाठमोरी वळवलं आणि म्हणाले, "जाय आता. मागं पाहू नको."

लेक निघाली. सावकाश, सगळं मैदान ओलांडत. एकदाही वळली नाही. आम्ही बायका उन्हापायी डोक्यावरून पदर ओढून रांगेनं उभ्या होतो. भाऊ माझ्या अगदी शेजारी होते, पण माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. पलीकडून ती नणंद कुजबुजली, "दगड हाय दगड. पोरीचं तोंडही पाहू वाटत नाही शेवटचं. बायकोचं तरी कुठं पाहू वाटलं."

मलाही काही कळलं नव्हतं. पण म्हणून काय ऐकून घ्यायचं? तिला मी जे सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

भाऊ दचकले. "वहिनी हायेत काय? मले वाटलं कोणी पाव्हणी उभी हाय." नजर मात्र मैदानावरच. "बरं झालं तुमी हायेत. पाहा न मंग. समोर पाहा."

मी पाहिलं. जड शालूत पल्लवी आधी जपून चालत होती. मग डावं पाऊल जरासं बाहेर पडायला लागलं. मग उजवा हात सुटला आणि हलायला लागला, सडा टाकल्यासारखा.

"पल्लवीची माय चालली," भाऊ म्हणाले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायलाही त्यांनी हात वर केला नाही. "फोटोत पाह्यलं तं कोणी बाई दिसते, वहिनी. इथी चालताना दिसते ते."

फाटक आलं, रस्ता आला, गाडी आली. ड्रायव्हरनं अलीकडचं दार उघडून धरलं होतं. पल्लवी त्या दारातून बसली नाही. गाडीला पूर्ण वळसा घालून, तशीच चालत, पलीकडच्या दाराशी गेली.